घटस्फोट, निवृत्ती, घरातला मृत्यू... अशा काळात क्लाइंबिंग वॉलवर येणाऱ्यांचे पहिले तीन महिने कसे आखावेत?

दोरखंड_पुणे

नवशिक्यांच्या शनिवारच्या बॅचला हल्ली कॉलेजच्या पोरांइतकीच चाळिशी-पन्नाशीतली माणसं येतात. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा नुकता घटस्फोट झालेला, कुणाचा जोडीदार गेलेला, कुणी निवृत्त. 'काहीतरी वेगळं करायचंय' एवढंच सांगतात. त्यांना पोरांच्याच मापाने शिकवणं बरोबर वाटत नाही.

हाताशी काय आहे ते सांगतो. १२ मीटरची वॉल, चार टॉप रोप (वरच्या पक्क्या आधारातून खाली येणारे दोर), शेजारी ४ मीटरची बोल्डरिंगची, म्हणजे दोराविना चढायची, भिंत आणि खाली जाड मॅट. बॅच दहा जणांची, प्रशिक्षक दोन. आठवड्यातून एकदा अडीच तास, असे बारा आठवडे.

सुरुवात बोल्डरिंगने करावी की दोरावर? यांना एकमेकांना बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला, कधी लावायचं? खऱ्या कातळावर केव्हा न्यायचं? आणि कुणाला 'आत्ता नको' म्हणायचं? अनुभवकथन नको, प्रत्यक्ष आखणी हवी.

---

कातळमाया

आधी एक विनंती. 'क्लाइंबिंगने दुःख विसरा' असलं काही पोस्टरवर लिहू नका. दुःख विसरत नाही कुणी. अडीच तास लक्ष मात्र एका जागी राहतं, कारण पुढचा पाय कुठे ठेवायचा हे ठरवल्याशिवाय माणूस हलू शकत नाही. शिवाय शनिवारी सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, ही गोष्ट ज्याचा आठवडा विस्कटलाय त्याला फार उपयोगी पडते. यापलीकडे आश्वासन देऊ नये.

जर्मनीत एर्लांगेन इथे नैराश्याच्या रुग्णांसाठी बोल्डरिंग आणि मानसोपचार एकत्र करून पाहिले आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला तीन तास, असे आठ आठवडे गट चालवला होता आणि प्रतीक्षायादीतल्या रुग्णांच्या तुलनेत त्या गटाची लक्षणं जास्त कमी झाली. २०२० च्या अभ्यासात तुलना घरी करायच्या व्यायामाशी होती, तिथेही बोल्डरिंगचा गट पुढे राहिला. पण तिथे गट उपचारतज्ज्ञ चालवत होते. सत्राच्या आधी आणि नंतर बोलणं होतं, मधल्या व्यायामांना ठरवलेला विषय होता. नुसती भिंत आणि मॅट म्हणजे ते उपचार नव्हेत. आपण प्रशिक्षक आहोत, तेवढंच राहू.

आखणीची सुरुवात फॉर्मपासून करा. बहुतेक फॉर्मवर 'पती/पत्नीचे नाव' असा रकाना असतो. घटस्फोट झालेल्या किंवा विधवा बाईने पहिल्याच मिनिटाला तो रकाना रिकामा सोडायचा? तो काढून टाका आणि 'तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा' एवढंच विचारा. ओळखपरेडही तशीच. गोल करून 'नाव, आडनाव, काय करता' विचारलं की नोकरी गेलेला माणूस तिथेच अवघडतो. नाव पुरे. 'इकडे कसे वळलात?' हा प्रश्न तर कुणीच कुणाला विचारू नये. सांगायचं असेल तो दोर गुंडाळताना आपणहून सांगतो.

पहिले दहा आठवडे ग्रेड नको. मार्गांना रंगाने ओळखा, अवघडपणाचा आकडा लावू नका. यामागे ठोस कारण आहे. निवृत्त किंवा नोकरी गेलेल्या माणसाची ओळख हुद्द्याशी बांधलेली असते, आणि ती जागा ग्रेड फार लवकर घेते. 'मी 5सी चढतो' हे नवं व्हिजिटिंग कार्ड होतं. मग तो आठवड्यातून चार दिवस यायला लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोट दुखावतं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांच्या दोऱ्यांना आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना कित्येक महिने लागतात. ताकद येते पण आधार तयार नसतो. दीड-दोन महिने चढाई बंद, म्हणजे ज्याने आधीच एक गोष्ट गमावली आहे त्याच्याकडून दुसरीही गेली. माझ्या मते तुमच्या आखणीचं पहिलं काम हा दुसरा धक्का टाळणं हे आहे.

म्हणून ग्रेडऐवजी कामं द्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोर हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) बांधायची फिगर-एट गाठ न बघता बांधता यावी. पाचव्यापर्यंत मार्ग खालून वाचून सांगता यावा: कुठल्या होल्डवर (पकडायच्या उंचवट्यावर) हात, कुठे पाय बदलायचा, दम कुठे घ्यायचा. आठव्यापर्यंत बिलेची परीक्षा पास. या गोष्टी बोट दुखावलं तरी हातून जात नाहीत.

सुरुवात मी बोल्डरिंगने करेन. उंची कमी, दोराची भानगड नाही, आणि एक माणूस भिंतीवर असताना चौघं मॅटवर बसून 'डावा पाय वर घे' सांगत असतात. अनोळखी माणसं त्यातून चटकन बोलती होतात.

---

बिले_मास्तर

वरच्या बहुतेक गोष्टी मान्य, शेवटची नाही. पन्नाशीतला माणूस पहिल्याच दिवशी ४ मीटरच्या भिंतीवर नको. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं जमिनीवर असतं. मॅट कितीही जाड असो, घोटा वळतो, किंवा माणूस मागे हात टेकवतो आणि मनगट जातं. बोल्डरिंग ठेवायचंच तर पहिले चार आठवडे फक्त आडवं: पाय जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि वरून उडी नाही, चढलात तसे उतरा. पडायचं कसं ते आधी शिकवा: दोन्ही पायांवर, गुडघे सैल, मग पाठीवर लोळण, हात छातीशी.

आता दोर. घाबरलेला नवशिका होल्ड सोडत नाही. बिले देणाऱ्याने दोर ताणून धरलेला असतो, बसलं की काम संपलं, तरी हा कवटाळून राहतो. हात भरून येतात, मग बोटं आपोआप सुटतात, आणि ते पडणं त्याला अचानक वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी वर जायचंच नाही. २ मीटरवर जायचं, 'टेक' म्हणायचं, दोर ताणला जाऊ द्यायचा, दोन्ही हात सोडून हार्नेसमध्ये बसायचं. पाय खांद्याइतके फाकलेले, तळवे भिंतीला सपाट, कंबर मागे. असं दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात ४ मीटरवरून, तिसऱ्यात ७ वरून. उंचीच्या या शिडीवर आपली पायरी कितवी हे ज्याचं त्याने ठरवायचं. 'अजून थोडं, जमेल तुला' असं खालून ओरडणारा एक जण प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला पाणी आणायला पाठवा.

एक गफलत सगळीकडे होते. १२ मीटरच्या टॉप रोपला माणूस खाली असताना जवळजवळ २४ मीटर दोर कामात असतो. डायनॅमिक दोर अंगाच्या भाराने ७-८ टक्के ताणला जातो. हिशोब करा: दीड-पावणेदोन मीटर. म्हणजे २ मीटरवरचा माणूस ढिल्या दोरावर बसला तर थेट जमिनीला टेकतो, आणि ज्याला आधीच कशावर विसंबावं ते कळेनासं झालंय त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत की दोरही धरत नाही. पहिले ३ मीटर दोर कडक ठेवा, चढणाऱ्याला किंचित ओढ जाणवली तरी चालेल. बसण्याच्या सरावाआधी बिले देणाऱ्याने कंबर खाली घेऊन दोर आधीच पुरता ताणून घ्यायचा.

बिले कधी? लवकर. दुसऱ्याला धरून ठेवण्याची जबाबदारी हीच या माणसांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. घरात, ऑफिसात सगळे 'तू आराम कर' म्हणत असतात. इथे कुणीतरी त्याच्या हातावर बसतं. पण टप्प्याने:

पहिले दोन आठवडे जमिनीवर. दोराला पाण्याची २० लिटरची बाटली बांधून वर घ्या, खाली सोडा. बिले उपकरणातून खाली जाणाऱ्या, म्हणजे ब्रेकच्या, दोरावरचा हात कधीच सुटत नाही, एवढंच डोक्यात बसवायचं. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात माणूस बिले देतो आणि त्याच्या ब्रेकच्या बाजूचा दोर मागे दुसरा धरून उभा राहतो. सहाव्या-सातव्यात मागचा माणूस तसाच, पण प्रशिक्षक बिले देणाऱ्याला न सांगता चढणाऱ्याला 'बस' म्हणतो आणि बघतो. आठव्यात परीक्षा. नापास झाला तर पुढच्या शनिवारी पुन्हा, त्यात कमीपणा नाही.

वजनाचा फरक बघा. बिले देणारा चढणाऱ्यापेक्षा पाव हिश्शाहून हलका असेल तर त्याला जमिनीतल्या अँकरला (पक्क्या कडीला) बांधा किंवा जोडी बदला. आणि जोड्या दर दोन आठवड्यांनी बदलाच. 'मला तोच बिले देणार' असं सुरू झालं की तो ज्या शनिवारी येत नाही त्या दिवशी हाही येत नाही.

जोडीतपासणी प्रत्येक चढाईआधी, मोठ्याने, हात लावून: हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर आहे का, बकल परत ओवलंय का, गाठ हार्नेसच्या दोन्ही ठिकाणांतून गेली आहे का, गाठीपुढचं शेपूट दोराच्या जाडीच्या दहापट उरलंय का, बिले उपकरणात दोर बरोबर बाजूने आहे का, कॅराबिनर (जोडकडी) लॉक आहे का. न झोपलेला माणूस नेमका इथेच चुकतो. गाठ अर्धी बांधतो, मध्ये कुणी बोललं की तशीच ठेवतो. म्हणून गाठ बांधणाऱ्याशी गाठ पुरी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

---

फिजिओ_ठाणे

शरीराच्या बाजूने भर घालते.

फॉर्ममध्ये औषधांचा रकाना हवा आणि तो प्रशिक्षकांपलीकडे कुणी वाचू नये. अशा काळात बऱ्याच जणांना गोळ्या चालू असतात. नैराश्यावरची गोळी नव्याने सुरू झाली की पहिले दोन-तीन आठवडे गरगरणं, मळमळ होऊ शकते. तेवढे दिवस आडवी चढाई आणि दोराची कामं. झोपेची किंवा घबराटीवरची गोळी त्या दिवशी घेतली असेल, अगदी आदल्या रात्री उशिरा घेतली असेल तरी, बिले नाही. लिथियम चालू असेल तर घाम आणि कमी पाणी यामुळे रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं आणि उन्हातली सत्रं टाळायची. रक्त पातळ करणारी औषधं असतील तर भिंतीवरही हेल्मेट, आणि बोल्डरिंग नको. गोळी आपल्या मनाने बंद करून वॉलवर येणारेही असतात, 'आता गरज नाही वाटत' म्हणतात. त्यांना सरळ डॉक्टरांकडे परत पाठवा.

चाळिशी ते साठीत, विशेषतः मधुमेह असेल तर, आखडलेला खांदा बराच आढळतो. पहिल्या दिवशी एवढंच करून घ्या: पाठ भिंतीला टेकून उभं राहायचं आणि दोन्ही हात सरळ वर. कंबर भिंतीपासून न सुटता हात कानापर्यंत आले पाहिजेत. येत नसतील तर डोक्यावरच्या होल्डला लटकणं बंद, छातीच्या उंचीच्या होल्डवर पायांचं काम करा. मधुमेह्यांना तंग शूज देऊ नका. पायाची संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळत नाही. प्रत्येक चढाईनंतर शूज काढून बोटं बघायची.

पाळी थांबलेल्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. त्यांना टॉप रोपच, उडी नाही. बाळंतपणानंतर येणाऱ्यांना किमान तीन महिने थांबवा. त्यानंतरही खोकताना लघवी होत असेल किंवा पोटाचा मधला भाग चढताना टेंगळासारखा वर येत असेल तर आधी फिजिओ, मग वॉल. सिझेरियनचा व्रण दुखत असेल तर हार्नेसचा पट्टा नक्की कुठे बसतो ते लटकवून बघितल्याशिवाय चढवू नका.

बोटं: दोन सत्रांत पूर्ण दोन दिवसांचं अंतर. बारीक कडेच्या होल्डवर बोटं मुडपून त्यांवर अंगठा दाबून धरायची पकड पहिलं वर्ष शिकवूच नका, उघड्या हाताची पकड शिकवा. बोटाच्या मुळाशी 'टक्' आवाज आला की त्याच क्षणी थांबायचं. टेप लावून पुढे चढणं हा शूरपणा नाही.

---

घसारा

खरा कातळ.

बाराव्या आठवड्याच्या आधी नको, आणि बॅच अशी लावा की तो आठवडा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येईल. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून ते नोव्हेंबरपर्यंत कुठेही सुरुवात करा. पावसात सह्याद्रीचा कातळ शेवाळलेला, एप्रिल-मेमध्ये दुपारी हात ठेववत नाही.

आपला बेसाल्ट थरांचा आहे. दोन घट्ट पट्ट्यांमध्ये मऊ, भुसभुशीत थर, त्यावर घसारा आणि वाळलं गवत. मोठा दिसणारा होल्ड हातात येतो. वॉलवर शिकलेल्याला वाटतं होल्ड म्हणजे स्क्रूने बसवलेला असतोच. म्हणून आधी शिकवायचं ते ठोकून बघणं: मुठीने ठोका, पोकळ आवाज आला तर सोडा. हेल्मेट बिले देणाऱ्यालाही, आणि त्याची जागा पडणाऱ्या दगडाच्या रेषेच्या बाजूला.

पहिल्या खेपेला सुळका किंवा मोठा कडा नको. तैलबैला, वानरलिंगी, नागफणी ही नावं ऐकून माणसं येतात आणि दुःखातला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात मोठं नाव मागतो. त्याला मुंब्रा किंवा बेलापूरसारख्या ठिकाणी १०-१२ मीटरचा टॉप रोप द्या. दोन स्वतंत्र अँकर, धारेवर दोराखाली पॅड. जुने, गंजलेले बोल्ट आणि खिळे आधीच तिथे आहेत म्हणून वापरू नका. आदल्या आठवड्यात प्रशिक्षकाने जाऊन मधमाश्यांची पोळी बघून यायची. आग्या मोहोळ दिसलं तर जागा रद्द, 'लांब आहे' हा युक्तिवाद चालणार नाही. दोराला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. अत्तर, डिओ, धूर बंद.

बाजारात अशा लोकांना आणखी दोन गोष्टी विकल्या जातात. एक, पावसाळ्यातलं धबधबा रॅपलिंग. मजा आहे, पण त्यात शिकण्यासारखं जवळजवळ काही नाही. दुसरा कुणी तुम्हाला बांधतो, तुम्ही खाली जाता, फोटो येतो, सोमवारी पुन्हा तेच घर. दुसरं, उत्तरकाशीसारख्या संस्थेतला २८ दिवसांचा बेसिक कोर्स. कोर्स उत्तम आहे, पण तो गिर्यारोहणाचा. पाठीवर ओझं, पहाटेची शिट्टी, बर्फ, शिस्त, आणि कातळ त्यातले मोजके दिवस. घरात काही बिनसलं म्हणून नाव घालायची ती जागा नव्हे. वर्षभर स्थिरावल्यावर, वयोमर्यादेत बसत असाल तर, जरूर जा.

आणि लीड, म्हणजे वरून दोर नसताना स्वतःच दोर नेत पुढे चढणं? बारा आठवड्यांत नाही. मागितलं तरी नाही. मागणाऱ्याच्या आवाजात घाई असेल तर अजिबात नाही.

---

दोरखंड_पुणे

सगळ्यांचे आभार. फॉर्म बदलतोय आणि पहिले चार आठवडे आडवी चढाई अधिक दोरावर बसणं, असं ठरवलं. दोन गोष्टी राहिल्या. 'आत्ता नको' कुणाला? आणि दागिन्यांचं काय? अंगठी काढा म्हटलं की काही जण गप्प होतात, ते लक्षात आलंय.

---

कातळमाया

'आत्ता नको'ची यादी छोटी आहे. सलग काही रात्री तीन-चार तासांपेक्षा कमी झोप, दारू पिऊन येणं, आणि पडण्याबद्दल बेफिकीर बोलणं. 'पडलो तर पडलो, सुटलो' हे गमतीत म्हटलं तरी त्या दिवशी दोर नाही. बाजूला घेऊन सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल किंवा टाळाटाळ असेल तर एकट्याला घरी सोडू नका, घरच्या माणसाला बोलवा आणि टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिथेच लावून द्या. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. 'आत्ता नको' म्हणताना पुढच्या शनिवारी दोर धुवायला आणि गुंडाळायला ये, असंही सांगा. बाहेर काढलं असं वाटता कामा नये.

आणखी एक. पहिली दिवाळी, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध या आठवड्यांत लक्ष उडालेलं असतं. तारखा विचारत बसू नका. 'आज मला साधं काहीतरी' असं कुणीही कधीही म्हणू शकतं आणि कारण सांगावं लागत नाही, हा नियम सगळ्यांना लावा.

---

फिजिओ_ठाणे

दागिन्यांचं: अंगठी होल्डमध्ये किंवा बोल्टच्या डोक्यात अडकली आणि शरीराचं वजन खाली आलं तर बोटाची कातडी मोज्यासारखी निघते, कधी बोटच जातं. त्यामुळे सूट नाही. पण हे वॉलवर सगळ्यांसमोर सांगू नका. आदल्या दिवशीच्या संदेशात लिहा: अंगठ्या, बांगड्या, कडी, मंगळसूत्र, चेन घरी ठेवा किंवा सोबत छोटी झिपची पिशवी आणा, केस घट्ट बांधा, ओढणी नको. गेलेल्या माणसाची अंगठी कुणाला अंगावेगळी करवत नसेल तर ती पिशवीत घालून झिपच्या खिशात ठेवू द्या, त्याला काही हरकत नाही.

वर्षानुवर्षं न काढलेली अंगठी निघत नसेल तर हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरायचा, मग साबणाचं पाणी लावून फिरवत काढायची, ओढायची नाही. तरी अडली तर अंगठीखालून दोरा ओवून पेराच्या सांध्यापर्यंत घट्ट गुंडाळायचा आणि खालच्या टोकाने उलगडत अंगठी पुढे सरकवायची. तेही जमलं नाही तर त्या दिवशी त्याने चढायचं नाही. बिलेचा जमिनीवरचा सराव करू द्या, आणि अंगठी कापायची की नाही ते त्याला घरी जाऊन ठरवू द्या.